पहारेकऱ्यावर पहारा

तुमचा उजवा हात पुढे करा पाहू. हं, असा. तळवा वर, बोटं सरळ. आता कल्पना करा, की या तळव्यावर एक माणूस उभा आहे. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच त्याची उंची. अंगात निळा कोट, डोक्यावर लाल टोपी, पायांत काळे बूट, एका हातात कंदील. पोट असं, की कोटाच्या बटणांना आपल्या नशिबाची काळजी वाटावी. मिशा झुपकेदार. आणि डोळे? रंगवणाऱ्याचा हात त्या दिवशी जरा हलला असावा. उजवा डोळा सरळ तुमच्याकडे बघतो आणि डावा तुमच्या खांद्यावरून मागे, जणू तुमच्या पाठीशी कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

बघितलंत ना मागे वळून? सगळेच बघतात.

हा माणूस मातीचा. माती मळून, साच्यात दाबून, भट्टीत भाजून वर रंग दिलेला. आणि जुना म्हणजे इतका जुना, की ज्यांनी तो घडवला ते हात आता नाहीत. हात हलवू नका हं. मातीचं मडकं काय आणि मातीचा माणूस काय, पडला की संपला. त्याला तसाच अलगद धरा आणि ऐका.

हा पहारेकरी एका मुलीचा होता. तिला घरात मुंगी म्हणत, कारण घरातली कुठलीही वस्तू कितीही आत लपवून ठेवा, ही बरोबर तिथवर पोचायची. तिच्या आईची मावशी घर बदलत होती. सामान आवरता आवरता तिने पहारेकरी मुंगीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "हा आजपासून तुझा. मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्या खिडकीत असायचा. याला बाहेरचं दिसलं पाहिजे बरं का. नाहीतर पहारा कसला करणार, कपाळ?"

मुंगीने ते मनावर घेतलं. पहारेकरी तिच्या खोलीच्या खिडकीत उभा राहिला, तोंड रस्त्याकडे करून. शाळेतून आली की ती त्याला विचारायची, "काय विशेष?" आणि तो जे काही सांगायचा ते ऐकून मान डोलवायची. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेल्या गोष्टीची कधी गोष्ट होत नाही.

मुंगीचे बाबा विमा कंपनीत तपासनीस होते. ते काम काय, तेही सांगून टाकतो. समजा कोणाच्या घरात पाणी शिरलं आणि गालिचा खराब झाला. तो माणूस विमा कंपनीला म्हणतो, माझं नुकसान झालं, भरून द्या. कंपनी म्हणते, देतो, पण आधी आमचा माणूस येऊन बघेल. तो आमचा माणूस म्हणजे मुंगीचे बाबा. ते यायचे, ओल्या गालिच्याभोवती फेरी मारायचे आणि विचारायचे, "हा आधीपासूनच ओला नव्हता कशावरून?"

संशय घेणं हा काही दुर्गुण नव्हे. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते दोनदा वाचणारा माणूस शहाणाच म्हणायचा. पण संशय मिठासारखा असतो. चिमूटभर असला की चव आणतो. तपासनीसांचा हात जरा सैल होता. बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तर ते खिडकीतून हात बाहेर काढून बघत, आणि हात ओला झाला तरी वरच्या मजल्यावर कोणी झाडांना पाणी घालतंय का, याची चौकशी करत.

तर एका सकाळी समोरच्या घरातले काका शिडी मागायला आले. या काकांना गल्लीत 'सर्वज्ञ' म्हणत, अर्थात पाठीमागे. जगात अशी एकही गोष्ट नव्हती, जिच्याबद्दल त्यांना माहिती नव्हती. आणि ती माहिती खरी असायला हवी, अशी त्यांची काही अट नव्हती. शिडी मुंगीच्या खोलीत होती. सर्वज्ञ आत गेले, खिडकीपाशी थबकले, पहारेकऱ्याला उचलून त्यांनी उलटा केला आणि त्यांचा आ वासला.

"मासा!"

"कुठाय?" तपासनीस धावत आले.

"हा काय, तळाला! माशाचा शिक्का! तपासनीस, तुमच्या खिडकीत काय उभं आहे याची काही कल्पना?"

"पहारेकरी."

"पहारेकरी म्हणे! अहो, माशाचा शिक्का मारणाऱ्या जुन्या कारखान्याचं काम आहे हे. संग्राहक वेडे होतात याच्यामागे. वेडे!" संग्राहक म्हणजे जुन्या, दुर्मीळ वस्तू गोळा करून काचेच्या कपाटात मांडणारी माणसं. "आणि तुम्ही याला पोरीच्या खिडकीत ठेवलंय? उघड्यावर? कमाल आहे. बरं, एक सांगतो, याबद्दल कोणापाशी अवाक्षर काढू नका."

मग सर्वज्ञ शिडी विसरून गेले आणि जाता जाता गल्लीतल्या एकेकाला थांबवून सांगत गेले, की तपासनीसांच्या घरात जे काही आहे, त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

त्याच दिवशी पहारेकऱ्याची रवानगी लोखंडी कपाटात झाली. टॉवेलांच्या मागे.

"बाबा, तिथून त्याला बाहेरचं दिसणार नाही," मुंगी म्हणाली.

"काही दिवसांचाच प्रश्न आहे, बाळा. एकदा तो अस्सल आहे की नकली एवढं कळू दे."

"तो पहारेकरी आहे."

"ते झालंच. पण अस्सल आहे का?"

मुंगीला प्रश्नच कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही अजून कळलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. इस्त्रीवाला म्हणाला, ओला कापूस फिरवून बघा; रंग सुटला तर नकली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ओला कापूस फिरवाच, पण रंग सुटला तर अस्सल, कारण जुना रंगच सुटतो. तपासनीसांनी कोटाच्या पाठीवर कापूस फिरवला. कापूस किंचित निळा झाला. म्हणजे पहारेकरी आता एकाच वेळी अस्सलही होता आणि नकलीही, आणि पाठीवर थोडा फिकाही. तिसऱ्या कोणी सांगितलं, नखाने टिचकी मारून कानाशी धरा. तपासनीसांनी टिचकी मारली, कानाशी धरला, आणि त्याच वेळी बायको दारातून म्हणाली, "काय म्हणतोय?"

मुंगीची आई कमी बोलायची. पण जे बोलायची ते नेमकं बसायचं.

"तुला थट्टा सुचतेय," तपासनीस म्हणाले.

"थट्टा कुठे? तुम्ही दोघं कानगोष्टी करताय, म्हणून विचारलं."

सर्वज्ञांच्या ओळखीत एक खरे संग्राहक निघाले. ते रविवारी बघायला यायला तयार झाले. आवडला तर घेऊन जातील, म्हणाले. "पण त्याआधी जुन्या वस्तूंच्या सरकारी कार्यालयात नोंद करून घ्या," सर्वज्ञ म्हणाले, "नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, ही चोरीची वस्तू आहे." चोरी हा शब्द ऐकल्याबरोबर तपासनीसांनी रजा टाकली.

जेवताना मुंगीने विचारलं, "घेऊन जातील म्हणजे? परत कधी आणतील?"

"आपण तुला नवी बाहुली आणू. डोळे उघडझाप करणारी."

"उघडझाप करणारी पहारा कसा देईल? झाप केलं की चोर शिरेल."

आईने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

रजेच्या दिवशी मुंगीच्या शाळेलाही सुट्टी होती, म्हणून तीही बाबांबरोबर कार्यालयात गेली. पहारेकरी टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी तपासनीसांच्या छातीशी. खिडकीमागच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला.

"वस्तू कोणाची?"

"माझी," तपासनीस म्हणाले.

"माझी," खिडकीच्या खालून आवाज आला.

कारकुनाने उठून खाली वाकून पाहिलं. "नक्की कोणाची?"

"म्हणजे दिली तिला, पण आहे माझ्याच घरात."

"साहेब, मी उद्या तुमच्याकडे चहाला आलो, तर मीही तुमच्याच घरात असेन. तुमचा होईन का?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. तपासनीसांनी मागे वळून त्याचा चेहरा लक्षात ठेवला.

"अहो, ती लहान आहे," ते म्हणाले.

"मग पालकाने अर्ज करायचा. पण मालकाची हरकत नको." कारकून पुन्हा वाकला. "काय गं बाळ, तुझी काही हरकत आहे का?"

"हो," मुंगी म्हणाली.

"हरकत आहे," कारकून समाधानाने म्हणाला. "समजूत घाला आणि परत या. आता जेवणाची सुट्टी." आणि खिडकी बंद झाली.

तपासनीसांनी आयुष्यात कितीतरी लोकांना अशाच आवाजात परत पाठवलं होतं. खिडकीच्या या बाजूने तो आवाज कसा ऐकू येतो, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण शिकवण मिळण्याऐवजी त्यांना मिळाली नवी शंका: रांगेतला तो हसणारा का हसला? त्याला आतली वस्तू ठाऊक होती की काय?

घरी येताच त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि शिवणाच्या डब्यातला दाभण काढला. तपासनीस लोकांना नेहमी सांगत, की मौल्यवान वस्तूवर एक खूण करून ठेवावी. अशी, की ती फक्त आपल्यालाच ठाऊक. वस्तू बदलली गेली तर लगेच कळतं. त्यांनी पहारेकऱ्याला उताणा धरला आणि डाव्या बुटाच्या टाचेवर, मागच्या बाजूला, दाभणाने एक बारीक फुली कोरली. काळा रंग खरवडला गेला आणि आतली लालसर माती दिसली. तपासनीस खूश झाले. आता कोणाची बिशाद होती पहारेकरी बदलायची!

राहिली कपाटाची किल्ली. ती त्यांनी साखरेच्या डब्यात लपवली. आईने चहा करताना ती उकळत्या पाण्यात टाकली. मग जुन्या बुटात लपवली. नेमके तेच बूट त्यांनी ऑफिसला घातले आणि दिवसभर लंगडत हिंडले. शेवटी ती त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीत, मातीत पुरली. कुंड्यांना पाणी घालायचं काम घरात कोणाकडे होतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तुम्हाला पडला असेल. तुम्ही तपासनीस नाही ना.

याच दिवसांत मुंगीने आईला हळूच विचारलं, "आई, हा आपलाच बाबा आहे ना?"

"का गं?"

"आपला बाबा दार लावून बसायचा नाही. आणि गोष्ट सांगताना मधेच उठून कपाट बघून यायचा नाही."

आई म्हणाली, "दिसतो तर तसाच." पण तिनेही बाल्कनीतल्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं. तो कुंडीकडे बघत उभा होता.

आता खरी गंमत. गुरुवारी संध्याकाळी सर्वज्ञ गल्लीत भेटले आणि म्हणाले, "वा, पहारेकरी पुन्हा ड्युटीवर! दुपारी खिडकीत पाहिला. छान दिसतो हो उन्हात."

तपासनीस तडक घरात गेले, कुंडी उकरली, कपाट उघडलं. टॉवेलांच्या मागे पहारेकरी शांत उभा होता, टाचेवरच्या फुलीसकट, एक डोळा तपासनीसांवर, एक डोळा मागे. तपासनीसांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

एखादा साधा माणूस इथे म्हणाला असता, सर्वज्ञांना भास झाला असेल. किंवा, मुंगीने बाहेर काढला असेल. पण तपासनीसांची बुद्धी अशा सरळ रस्त्याने जात नसे. त्यांनी असा विचार केला: अस्सल पहारेकरी दिवसभर कपाटात होता. कपाटाला कुलूप आहे. किल्ली कुंडीत आहे. म्हणजे खिडकीत दिसला तो दुसरा. म्हणजे कोणीतरी हुबेहूब नक्कल तयार केली आहे. आणि नक्कल कोण तयार करतं? ज्याला अदलाबदल करायची आहे तो! आणि हे सगळ्यांत आधी कोणाला ठाऊक होतं? सर्वज्ञांना!

इतकी सुंदर साखळी होती, की तिची पहिलीच कडी चुकीची आहे, हे त्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी आपल्याच कंपनीत पहारेकऱ्याचा विमा उतरवायचं ठरवलं. कंपनीने वस्तू बघायला माणूस पाठवला, आणि तो निघाला चेला. चेला म्हणजे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला तरुण तपासनीस. त्याने दाराशी बूट काढले, सरांना नमस्कार केला आणि मग सरांना ओळखेनासा झाला.

"वस्तू घरात आहे कशावरून?"

"अरे, ही काय माझ्या हातात!" तपासनीसांनी पहारेकरी समोरून दाखवला. चेल्याला हात मात्र लावू दिला नाही.

"आत्ता आहे. विमा उतरवल्यावर तुम्हीच गायब करणार नाही कशावरून?"

"मी? चेल्या, तू मला किती वर्षं ओळखतोस?"

"म्हणूनच विचारतोय, सर. 'पहिला संशय मालकावर', तुमचंच वाक्य आहे."

"मालक मी नाही. ती आहे!" तपासनीसांनी दारात उभ्या मुंगीकडे बोट दाखवलं.

चेल्याने मुंगीकडे निरखून पाहिलं. मुंगीने चेल्याकडे निरखून पाहिलं. "हिच्या बोटांना काळा रंग लागलाय, सर."

"चित्रं काढते ती! लहान मुलांच्या हाताला रंग नाही लागणार तर काय लागणार? काय शिकवलं मी तुला इतकी वर्षं? महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं करायला शीक!"

चेला म्हणाला, की रविवारी संग्राहक काय म्हणतात ते ऐकायला तोही येईल. खात्रीसाठी.

रविवार उजाडला. संग्राहक आले: हळू बोलणारे, स्वच्छ नखांचे, खिशात घडीचं भिंग बाळगणारे गृहस्थ. सर्वज्ञ त्यांना घेऊन आले होते आणि आपणच पहारेकरी घडवला असावा अशा थाटात बसले होते. चेला कोपऱ्यात. आईने सगळ्यांना चहा दिला. मुंगी खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती आणि तिची नजर संग्राहकांच्या पिशवीवर होती. पिशवीत कापसाने भरलेला एक रिकामा डबा होता. पहारेकऱ्याच्या बरोबर मापाचा.

तपासनीसांनी कपाट उघडलं, पहारेकरी बाहेर काढला आणि संग्राहकांच्या हाती देण्यापूर्वी, सवयीने, टाचेवरून अंगठा फिरवला.

टाच गुळगुळीत होती.

त्यांनी चष्मा लावला. काळा कुळकुळीत बूट. फुली नाही. त्यांनी उजवी टाच पाहिली, पुन्हा डावी पाहिली, स्वतःचा डावा हात कोणता याचीही खात्री करून घेतली. फुली नाही ती नाहीच.

"दार लावून घे," ते बायकोला म्हणाले. "कोणीही जागचं हलायचं नाही. हा तो नव्हे. पहारेकरी बदलला गेलाय."

चहाचे कप हवेतच थांबले.

"काका," तपासनीस सर्वज्ञांकडे वळले, "गुरुवारी दुपारी माझ्या खिडकीत तुम्ही काय बघत होतात?"

"खिडकी! समोर राहतो मी तुमच्या. डोळे मिटून राहू की काय घरात?"

"पहारेकरी कपाटात असताना तो तुम्हाला खिडकीत दिसलाच कसा?"

"होता म्हणून दिसला!"

"की तुमच्याकडे असलेल्या नकलेबद्दल बोलताना तुमची जीभ घसरली?"

सर्वज्ञांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाबद्दल तरी काहीच सुचत नव्हतं. "म्हणजे... मी चोर?"

"मी तसं म्हटलेलं नाही. मी फक्त विचारतोय."

"अहो, काय बोलताय?" आई म्हणाली. "परवा पाण्याची टाकी फुटली तेव्हा हेच धावत आले होते ना?"

"टाकी आपोआप फुटली कशावरून?" तपासनीस म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांनाच ते जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. पण तोंडातून सुटलेला शब्द कुंडीत पुरता येत नाही.

सर्वज्ञ उठले. त्यांनी कप हळूच खाली ठेवला. एरवी ते बोलत बोलत जात. आज काही न बोलता दाराकडे निघाले. ते फार वाईट दिसत होतं. बडबडा माणूस गप्प झाला, की खोली एकदम मोठी वाटते.

"काकांनी नाही नेला," मुंगी म्हणाली. "तो तोच आहे. बदलला नाही."

"मुंगे, तू मधे बोलू नकोस. त्याच्या टाचेवर एक खूण होती, ती..."

"ती खूण होती? मला वाटलं, त्याला लागलंय."

"मी रोज त्याला बाहेर काढायचे," मुंगी सांगू लागली. तिचा आवाज आधी बारीक होता, मग नेहमीसारखा झाला. "शाळेतून आल्यावर. त्याची ड्युटी असते ना. तू यायच्या आधी परत ठेवायचे. किल्ली कुंडीतच असते. एकदा बघितलं तर पायाला जखम. आतलं लाल दिसत होतं. मग मी माती भरली आणि वरून काळा रंग दिला. आता बरं वाटतंय त्याला."

म्हणजे बघा हं. तपासनीस जेव्हा पहारेकऱ्यावर पहारा देत होते, तेव्हा पहारेकरी रोज दुपारी उघड्या खिडकीत, साऱ्या गल्लीच्या देखत, आपलं काम चोख करत होता.

"हातावर काळा रंग," कोपऱ्यातून चेला पुटपुटला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

संग्राहकांनी हात पुढे केला. "बघू?" त्यांनी भिंग उघडलं, पहारेकऱ्याला खिडकीच्या उजेडात फिरवलं, शिक्का पाहिला, कोटाची फिकी पाठ पाहून नुसतं "हं" म्हटलं, आणि टाचेपाशी बराच वेळ थांबले.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "शंकाच नको. बुटावरचा रंग मुलांच्या रंगपेटीतला, तो निघेल. माती पण निघेल. पण त्याच्या खाली एक ताजा ओरखडा आहे, दाभणासारख्या कशाचा तरी. जुना ओरखडा मळून काळा पडतो, हा स्वच्छ आहे. हा निघणार नाही." त्यांनी भिंग मिटलं. "तरी मी घेईन. इतका चांगला टिकलेला सहसा मिळत नाही. पण मला लिहून ठेवावं लागेल, म्हणून विचारतो. ओरखडा कोणी काढला?"

किती साधा प्रश्न. तपासनीसांनी तो जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता, हातात पेन घेऊन, भुवया उंचावून. त्यावर लोक काय काय उत्तरं देतात ते त्यांना पाठ होतं. आधीपासून होता. मांजराने काढला. आपोआप आला. ती सगळी उत्तरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. चेला पुढे झुकला. सर्वज्ञ दारात थांबले होते.

"मी," तपासनीस म्हणाले.

"का?"

"कोणी बदलू नये म्हणून."

संग्राहकांनी तसंच लिहून घेतलं. तपासनीसांनी पहारेकरी परत घेतला. तो एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होता. दुसरा डोळा त्यांच्या खांद्यावरून मागे लागला होता, आणि या वेळी मागे खरंच कोणीतरी होतं. तपासनीस वळले.

"मालक तू आहेस," ते मुंगीला म्हणाले. "तुझी काही हरकत आहे का?"

"हो."

"हरकत आहे," तपासनीस संग्राहकांना म्हणाले. आणि मग दाराकडे बघून, घसा साफ करून, "काका, तुमचा चहा निवतोय. मी... बसा ना."

सर्वज्ञ परत वळले. मग येऊन बसले आणि म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, अस्सल आहे म्हणून." खोली पुन्हा नेहमीएवढी झाली.

संग्राहकांनी आपला कापसाचा डबा पिशवीत ढकलला. निघताना ते मुंगीपाशी वाकले. "एक लक्षात ठेव. कडक उन्हात ठेवू नकोस. रंग उडतो."

"पण त्याची ड्युटी असते."

संग्राहकांनी विचार केला. "मग दुपारची सुट्टी देत जा."

आता तुमचा हात खाली घेतलात तरी चालेल. पहारेकरी खिडकीत परत गेला आहे, तोंड रस्त्याकडे.

सगळे गेल्यावर तपासनीस आरामखुर्चीत पाय पसरून, डोळे मिटून पडले होते. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना कुठली किल्ली कुठे आहे याची काळजी नव्हती. एवढ्यात डाव्या टाचेला काहीतरी गार लागलं. त्यांनी डोळे उघडले. मुंगी खाली बसली होती, जीभ दातांत धरून, हातात काळ्या रंगाचा ब्रश घेऊन. त्यांच्या टाचेवर, मागच्या बाजूला, एक बारीक फुली उमटली होती.

"मुंगे, हे काय?"

"हलू नकोस, ओली आहे," ती म्हणाली. तिने वाकून फुलीवर हळूच फुंकर मारली. "मधे मला वाटलं, आमचा बाबा कोणीतरी बदलून नेला. आता परत नेला तर मला लगेच कळेल."

आणि ती दुसऱ्या टाचेकडे वळली. खात्रीसाठी.